चौपन्न सेंटीमीटर

"काका, तुमचं पाऊल चौपन्न सेंटीमीटरवर आलंय," डॉक्टर मुल्लाणी म्हणाल्या, तेव्हा मला आधी राग आला. भीती घरी पोचल्यावर वाटली.

रागाचं कारण सांगतो. मी गुरुनाथ मगदूम. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं मोजणीदार होतो. साखळी, टेप, प्लेन टेबल, सॅटेलाइटचं यंत्र, शेवटी शेवटी ड्रोन, सगळं माझ्या हाताखालून गेलं. पण बांधावर उभं राहून कुणी "साहेब, अंदाजे किती भरंल?" असं विचारलं, की मी यंत्र बाजूला ठेवून पावलं टाकायचो. माझं पाऊल पंचाहत्तर सेंटीमीटरचं. चाळीस पावलांत तीस मीटर. यंत्र आणि मी यांच्यात फरक पडला, तर माझे साहेब यंत्र तपासायला पाठवायचे. आता सत्तरीला आलो म्हणून काय झालं? आणि ही पोरगी मला सांगते चौपन्न!

"तुमचं यंत्र चुकलंय," मी म्हणालो.

"पट्टा एकदा बदलून झालाय, काका. दोन्ही पट्टे तेच सांगतात." तिनं पडद्यावरची रेघ माझ्याकडे वळवली. आठ महिन्यांपूर्वी रेघ सत्तरच्या आसपास होती. मग ती उतरणीला लागली होती, आणि कुठंही परत वर चढली नव्हती.

हा पट्टा काय प्रकार आहे तेही सांगून टाकतो. निवृत्त सरकारी नोकरांसाठी आरोग्य योजनेनं तो दोन वर्षांपूर्वी आणला. घोट्यावर बांधायचा, वर काडेपेटीएवढी डबी. डबीत सिलिकॉनचा केसाएवढा तुकडा टांगलेला असतो. पाय उचलला की तो मागं रेलतो, पाय टेकला की पुढं येतो, आणि त्याच्या या हेलकाव्याची सेकंदाला शंभर वेळा नोंद होते. त्यावरून पाऊल किती लांब पडलं, टाच आधी टेकली की चवडा, दोन पावलांमधला वेळ सारखा आहे की डळमळतोय, सगळं निघतं. स्वयंपाकघर ते अंगण असल्या तुकड्यातुकड्यांच्या चालण्यावरून चाल कळत नाही, म्हणून डबी ते सोडून देते. सलग वीस मिनिटं चाललं तरच ती नोंद हिशेबात घेते.

एवढी उठाठेव कशासाठी? तर मेंदूच्या तळाशी काही पेशी असतात, त्या मरायला लागल्या की हात थरथरायच्या चार-पाच वर्षं आधीच चाल बिघडते. डोळ्याला दिसत नाही, डबीला दिसते. या आजारावर आता औषध निघालंय. गेलेलं परत येत नाही, पण आहे ते टिकतं. अट एकच, चाल उतरायला लागल्यापासून वर्षाच्या आत औषध सुरू व्हायला हवं. त्यानंतर त्याचा काही उपयोग होत नाही.

"आठ महिने गेलेत," डॉक्टर म्हणाल्या. "चार उरलेत. म्हणून घाई करतेय, काका."

पट्ट्याला आणखी एक अक्कल आहे. पहिल्या वर्षी आमच्यातल्या काही महाभागांनी, रोज चालणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीच्या लोभानं, पट्टे दुसऱ्याच्या पायात बांधले. एकानं तर म्हशीच्या. तेव्हापासून पट्टा चालीवरून माणूस ओळखतो. परक्या पायात गेला की थरथरतो, त्यावरचा दिवा लाल होतो आणि आतून एक बाई सांगते, "पट्टा धारकाच्या पायात नाही." म्हाताऱ्यांची चाल बदलत जाते, म्हणून ही ओळखही रोजच्या चालण्यावरून थोडी थोडी ताजी होत असते.

पट्टा मिळाला त्या दिवशी माझी बायको महानंदा बरोबर होती. केंद्राच्या व्हरांड्यात मला चालून दाखवायचं होतं, तर ही सवयीनं माझ्या शेजारून निघाली. डॉक्टरांनी तिला थांबवलं. "काकू, त्यांना एकटं चालू द्या. बरोबर कुणी असलं की आकडा बिघडतो." महानंदा खुर्चीत जाऊन बसली, आणि परत येताना रस्ताभर माझी थट्टा केली.

"लग्नात माझ्या बापानं मला तोडं घातलं न्हाईत म्हणून तुमची आई वर्षभर बोलत होती. आता सरकारनं तुम्हालाच घातला की!"

"तुला पण मिळणार आहे. कुटुंबीयांचं पुढच्या टप्प्यात आहे."

"पुढचा टप्पा म्हणजे आमच्या मयताला," ती म्हणाली आणि खो खो हसली. पुढचा टप्पा अजून आलेला नाही.

तर चौपन्न. घरी येऊन मी महानंदाला सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. ती भाजी निवडत होती. हातातली मेथी तशीच धरून बसली.

"तुम्हाला काही व्हतंय काय? चक्कर, बिक्कर?"

"काही नाही. ठणठणीत आहे."

"मग?"

"मग काय, तेच कळत नाही ना!"

खरंच कळत नव्हतं. सकाळी मी स्कूटरवरून बाजारात जातो, पिशव्या उचलतो, गच्चीवर टाकीत डोकावायला शिडी चढतो. मला कुठं काही जड जात नाही. पण आजार माणसाला न कळताच येतो असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, आणि तेच मनात कीड लावून बसलं. काही जड जात नाही हेच लक्षण असेल तर? निरोगी वाटण्याची भीती वाटणं हा काय प्रकार असतो, तो मी तेव्हा शिकलो.

सगळ्यात मोठी काळजी महानंदाची. आमची मुलगी कॅनडात. मी अंथरुणाला खिळलो तर हिचं कसं होणार? म्हणून मी तिला एकेक गोष्ट शिकवायला घेतली. बोअरचं स्टार्टर, विजेचं बिल भरणं, फोनवरून डॉक्टरची वेळ घेणं. तीही निमूट शिकायला बसली. हे मला विचित्र वाटलं, कारण एरवी मी काही शिकवायला गेलो की ती मलाच चार गोष्टी सुनावते. वहीत लिहून घेताना तिचं अक्षर मुंगीएवढं येत होतं. "मोठं लिही की, मला चष्म्यातून दिसत नाही," असं मी ओरडलो, तर म्हणाली, "लिहितोय मोठंच, बारीक व्हतंय त्याला काय करू?" दारातली रांगोळीही आता तिनं लहान केली होती. पूर्वी उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत काढायची, आता पाटाएवढी. मला वाटलं, माझ्यापायी बिचारीचं लक्ष उडालंय. जीव गलबलून आला माझा.

आणि संध्याकाळचं फिरणं. लग्न झाल्यापासून आम्ही गडहिंग्लजमध्ये असू तेव्हा साडेपाचला नदीकडच्या रस्त्यानं बरोबर फिरायला जातो. उंचीनं ती माझ्या खांद्याला लागते, पण शेजारून चालते, मागून नाही. आता ती माझं कोपर धरून चालायला लागली. "सावकाश, सावकाश," असं वाटेत दहादा म्हणायची. मीही जपून पाऊल टाकायचो. चौपन्नचं त्रेपन्न व्हायला नको.

पंधरा दिवसांनी मिरजेला मेंदूची तपासणी झाली. डॉक्टर मुल्लाणींनी निकाल हातात घेतला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा निकालाकडे पाहिलं.

"काका, मेंदू एकदम स्वच्छ आहे. चाळिशीतल्या माणसाचा असावा असा."

"मग मी बरा आहे."

"पण चाल आजारी आहे."

"अहो, मेंदू बरा आणि चाल आजारी, म्हणजे मी कमरेच्या वर एक माणूस आणि खाली दुसरा आहे की काय?"

ती हसली नाही. हात जोडून हनुवटीला लावून बसली. एवढी शिकलेली बाई माझ्याइतकीच गोंधळलेली पाहून मला धीर यायला हवा होता, पण उलट जास्तच घाबरलो.

"तुम्ही मुद्दाम हळू चालत नाही ना?"

"मी? मुद्दाम?" माझा आवाज चढला. "चौतीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही मी. भाऊबंद काठ्या घेऊन उभे होते तेव्हासुद्धा नाही!"

"रागावू नका, काका. येत्या सोमवारची मिरजेची औषधाची वेळ तुमच्या नावावर राखून ठेवलीय. ती सोडायची की धरायची, हे मला शनिवारपर्यंत कळवावं लागेल. निरोगी माणसाला हे औषध देता येत नाही, त्रास होतो. आणि आजारी माणसाचं थांबवता येत नाही."

त्या दिवशी गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी मी जुन्या पेटीतून तीस मीटरचा टेप काढला आणि चौगुले मास्तरांना शाळेच्या मैदानावर घेऊन गेलो. मास्तर माझे शेजारी, निवृत्त गणित शिक्षक, त्यांनाही पट्टा आहे. त्यांनी टेपचं टोक धरलं, मी ताणून खुणा केल्या, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. मग चाललो. नेहमीसारखा, मान वर करून.

चाळीस.

पुन्हा चाललो. चाळीस. तिसऱ्यांदा मास्तरांनी मोजलं, एकोणचाळीस आणि वर वीतभर. मला तिथंच उडी मारावीशी वाटली. आनंदाच्या भरात मी मैदानाला फेऱ्या मारत सुटलो. सलग वीस मिनिटं. एकविसाव्या मिनिटाला घोट्यावर डबी थरथरली. दिवा लाल झाला.

"पट्टा धारकाच्या पायात नाही."

मास्तर पोट धरून हसायला लागले. "मगदूम, तुम्ही कोण हो? मगदूमांना कुठं ठेवून आलात?"

मला हसू येईना. खाली वाकून मी पट्टा पाहिला. माझाच. मागं माझं नाव, माझा नंबर. "मीच आहे!" मी त्या डबीवर ओरडलो, आणि मैदानात खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. मग मुद्दाम लहान पावलं टाकत वीस मिनिटं चाललो, आजाऱ्याचं सोंग घेतल्यासारखा. तरी लाल. माझ्या चालीनं मी मी नव्हतो, आणि सोंग घेऊनही मी मी नव्हतो. माझ्या नावावर आठ महिने कोण चालत होतं?

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "थांबा, मी तासांप्रमाणे नोंदी उघडते." बराच वेळ नुसती टकटक ऐकू येत होती. "काका, आजची सकाळ सोडली, तर तुमची सलग चालण्याची एकूण एक नोंद साडेपाच ते साडेसहा या वेळेतली आहे. पट्ट्यानं तुम्हाला फक्त तेवढंच पाहिलंय. संध्याकाळी तुम्ही दमलेले असता का?"

"नाही."

"काही उचलून नेता? कुत्रं असतं बरोबर?"

"काही नाही. मी आणि माझी बायको फिरायला जातो."

पलीकडची टकटक थांबली.

"किती वर्षं?"

"बेचाळीस."

"काका," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज फार जपून येत होता. "दोन माणसं रोज शेजारी चालली की न ठरवता त्यांची पावलं जुळतात. ज्याला पाऊल लहान करणं सोपं असतं, तो ते करतो. त्याला स्वतःला पत्ताही नसतो. काकूंना एकदा एकटं चालवून बघाल?"

मी फोन ठेवला. मास्तर टेप गुंडाळत होते. "काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं. मी "काही नाही" म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं उत्तर दिलं असेल.

साडेपाचला आम्ही निघालो. टेप माझ्या पिशवीत होता. महानंदानं कोपर धरलं. मी खाली पाहिलं. माझा डावा आणि तिचा डावा एकदमच पडत होता, आणि पाऊल बघवत नव्हतं इतकं लहान होतं. मला ते रोज बरोबर वाटत आलं होतं. पुलाजवळ आल्यावर मी हळूच कोपर सोडवलं आणि माझ्या चालीनं चालायला लागलो. पंचाहत्तरच्या. मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं. पन्नास पावलांपर्यंत तग धरला. मग वळलो.

ती केवढी मागं राहिली होती! पदर सावरत, किंचित पुढं झुकून, घाईघाईनं बारीक पावलं टाकत येत होती. पाय रस्त्याला घासत होते. उजवा हात हलतच नव्हता, अंगाशी धरल्यासारखा होता. रोज शेजारी चालणाऱ्या माणसाची चाल शेजारून दिसत नाही, हे माझ्या लक्षात कधी आलंच नव्हतं.

"अहो! पळताय काय? डॉक्टरनं काय सांगितलंय तुम्हाला?" ती जवळ येऊन धापा टाकत म्हणाली. "तुमच्यासाठी मी एवढी हळू चालतोय रोज, आणि तुम्ही निघालाय शर्यतीला!"

"तू माझ्यासाठी हळू चालतेस?"

"मग कुणासाठी? तुमची चाल बिघडलीय की."

"महानंदा, माझी चाल तुझ्यामुळं..." रस्त्याच्या मधोमध आम्ही दोघं उभे, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण दुसऱ्याला सांभाळून घेतोय. क्षणभर मला वाटलं, असंही असेल. तीच माझ्यासाठी लहान पाऊल टाकत असेल, आणि मी उगाच भलतंसलतं मनात आणतोय. असं असू दे, असं मी मनापासून म्हणालो.

मग टेप काढला. एक टोक विजेच्या खांबाला बांधलं, दुसरं ताणून पुढं नेलं आणि खडूनं रेघ मारली.

"हे काय नाटक?"

"मोजणी आहे. तू एकटी चाल. खांबापासून इथपर्यंत. माझी काळजी करू नकोस, मी इथं बसतोय. तुला येतं तेवढं झपाझप ये."

"लोक बघत्यात वो."

"बघू देत."

ती खांबापाशी गेली. पदर खोचला. मला दाखवून द्यायचं होतं तिला, म्हणून तोंड घट्ट मिटून निघाली. तिला पहिलं पाऊल उचलायलाच वेळ लागला, पाय जमिनीला चिकटल्यासारखा. मी मोजायला लागलो. तीस झाली तेव्हा ती निम्म्याच्या जरा पुढं होती. आठ महिन्यांपूर्वीच्या सत्तरच्या पावलानं ती त्रेचाळीसला पोचली असती. चव्वेचाळीस, पंचेचाळीस. मी आकडा चुकवला नाही. पंचावन्न. छप्पन्न.

तीन हजार भागिले छप्पन्न. मनातल्या मनात हिशेब झाला. चौपन्न सेंटीमीटर.

"किती झाली?" ती समोर उभी राहून विचारत होती. चेहऱ्यावर घाम आणि थोडी फुशारकी. "कमी की जास्ती?"

चौतीस वर्षं माणसं माझ्यासमोर अशीच उभी राहायची. आकडा सांगताना माझी जीभ कधी अडखळली नव्हती.

"छप्पन्न," मी म्हणालो.

"म्हणजे चांगलं काय?"

मी पिशवी खाली ठेवली, वाकलो आणि माझ्या घोट्यावरचा पट्टा सोडवला, तसा त्याचा लाल दिवा विझला. मग तिच्यासमोर गुडघ्यावर बसून तिच्या पायात बांधला. ती लाजली, इकडंतिकडं बघायला लागली. "सोडा वो, काय हे, म्हातारपणी पायाला हात लावताय!"

"चल, फिरून येऊ. आज मी मागनं येतो."

ती पुढं, मी दहा पावलं मागं. पायात पाय अडकेल एवढा जपून चालत होतो, तिची चाल माझ्या अंगात शिरू नये म्हणून. पुलावरून पलीकडं गेलो, देवळाला वळसा घातला, परत फिरलो. वीस मिनिटं मी त्या दिव्याकडे बघत होतो. लाल हो, असं मनात म्हणत होतो. एकदा तरी लाल हो.

एकविसाव्या मिनिटाला दिवा हिरवा झाला. आतली बाई बोलली, "ओळख पटली. नमस्कार, गुरुनाथ मगदूम."

महानंदा थांबली. मग अशी हसली, की रस्त्यावरचे दोघेतिघे वळून बघायला लागले. "अगंबाई! मला तुमचं नाव दिलं की हिनं! बघा, बेचाळीस वर्षांनी तरी तोडा मिळाला, तो पण नवऱ्याच्या नावाचा."

मला रडू आवरेना. मी नदीकडं तोंड केलं. मग ती हसायची थांबली. माझ्याजवळ आली, तो चालताना न हलणारा उजवा हात तिनं माझ्या पाठीवर ठेवला. तिला कळलं की नाही ते मला अजून सांगता येत नाही, पण तिनं विचारलं नाही एवढं खरं.

मी फोन काढला. डॉक्टर मुल्लाणींनी पहिल्याच घंटीला उचलला. त्या वाट बघत असाव्यात.

"सोमवारची वेळ सोडू नका, मेंदूची तपासणी उद्याच करून घेऊ," मी म्हणालो. "फक्त नावाची नोंद दुरुस्त करायची आहे. लिहून घ्या. महानंदा गुरुनाथ मगदूम. वय सदुसष्ट. चाल चौपन्न. साडेतीन महिने बाकी आहेत. मी स्वतः मोजलंय."